कृतज्ञतेचा धाक

१

पगारी नोकरीत साहेबाला प्रश्न विचारणे अवघड असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बिनपगारी, स्वयंसेवी कामात नेत्याला प्रश्न विचारणे त्याहूनही अवघड असते, हे फारसे कोणी बोलत नाही. नोकरीत निदान व्यवहार उघड असतो. श्रम दिले, दाम घेतला; दाम बुडाला तर युनियन आहे, न्यायालय आहे. स्वयंसेवी कामात दाम नसतो. तेथे नेत्याने आपला वेळ दिलेला असतो, झोप मोडलेली असते, घरादारावर तुळशीपत्र ठेवलेले असते. अशा माणसाला एखाद्या नव्या कार्यकर्त्याने विचारले, 'हा निर्णय कोणी घेतला? कोणत्या नियमाने घेतला?' तर उत्तर निर्णयाविषयी येत नाही. उत्तर येते, 'आम्ही एवढे केले, तुम्ही काय केलेत?' प्रश्न हिशेबाचा असतो, उत्तर त्यागाचे असते. आणि त्यागापुढे हिशेब मागणारा माणूस भर सभेत लहान दिसू लागतो.

या अवस्थेला मी कृतज्ञतेचा धाक म्हणतो. दंडुक्याचा धाक ओळखता येतो, त्याच्याविरुद्ध उभेही राहता येते. हा धाक मात्र आपल्याच चांगुलपणाच्या वाटेने येतो. ज्याने आपल्यासाठी केले त्याला कसे विचारायचे, असे आपणच आपल्याला सांगतो आणि गप्प बसतो. हे गप्प बसणे पुढे 'विश्वास' या नावाने ओळखले जाते.

आपल्या चळवळींना हा अनुभव नवा नाही. पण आपल्याकडे बैठकीचे इतिवृत्त क्वचितच लिहिले जाते. भांडण झाले की प्रत्येकाची आठवण वेगळी असते. म्हणून या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी मी मुद्दाम वेगळे क्षेत्र घेतले आहे. इंटरनेटवर एकत्र येऊन विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकांचे समुदाय हे ते क्षेत्र. त्यातही विकिपीडिया. तेथे कोणी काय लिहिले, कोणी काय खोडले, कोणाला कोणी बाहेर काढले, याची नोंद तारीखवार राहते. नेतृत्व आणि विश्वास यांचा एवढा लेखी पुरावा दुसरीकडे सहसा मिळत नाही.

२

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ ची. आज तीनशेहून अधिक भाषांत हा ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्ती करावी, हे त्याचे मूळ तत्त्व. २००३ साली स्थापन झालेले विकिमीडिया फाउंडेशन यंत्रे आणि पैसा सांभाळते. लेख स्वयंसेवक लिहितात. शतकानुशतके ज्यांच्या लेखणीला हात लावू दिला गेला नाही त्यांच्या दृष्टीने हे तत्त्व साधे नाही. ज्ञानकोश लिहिण्यासाठी पदवी लागत नाही, पीठ लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही, ही घोषणा लोकशाहीच्या अंगाने मोठी आहे. तिचे मोठेपण मान्य करूनच पुढची टीका करायची आहे.

'कोणीही' लिहू लागले की व्यवस्था लागते. म्हणून समुदाय आपल्यातून काहींना प्रचालक निवडतो. प्रचालक पान काढून टाकू शकतो, पानाला कुलूप लावू शकतो, एखाद्या सदस्याला लिहिण्यापासून रोखू शकतो. हे अधिकार सुरुवातीला झाडलोटीचे, देखभालीचे मानले गेले. पण ज्याच्या हातात किल्ली आहे तो केवळ झाडू मारणारा राहत नाही, हे गावगाड्याच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

या समुदायाचा एक प्रसिद्ध नियम आहे: समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरा. नियम चांगला आहे. नवखा माणूस चुकतो, त्याला लगेच चोर समजू नका, असा त्याचा मूळ आशय आहे. येथे सद्हेतू वरून खाली दिला जातो. ज्याच्याजवळ अधिकार आहे त्याने ज्याच्याजवळ नाही त्याला तो द्यायचा. पण व्यवहारात हा नियम उलटा फिरवता येतो. प्रचालकाच्या निर्णयावर कोणी आक्षेप घेतला की, 'तुम्ही आमचा सद्हेतू गृहीत धरत नाही' असे उत्तर देता येते. मग दुर्बळाच्या संरक्षणासाठी केलेला नियम बलवानाची ढाल होतो. नियमातला एक शब्दही बदललेला नसतो. बदललेली असते ती दिशा. एखाद्या समुदायाचे नियम वाचून तो समुदाय कळत नाही. नियम कोण कोणाला वाचून दाखवतो, हे पाहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न असा की, असे नेतृत्व कोणाला मिळते? जो फ्रीमन या अमेरिकन स्त्रीमुक्तीवादी कार्यकर्तीने १९७० साली केलेल्या एका भाषणात या प्रश्नाला हात घातला होता. ते पुढे 'रचनाशून्यतेची जुलूमशाही' अशा अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध झाले. आमच्यात कोणी नेता नाही, आम्ही सगळे समान, असे म्हणणाऱ्या गटांतही नेते असतात. ते निवडलेले नसतात म्हणून त्यांना काढताही येत नाही, हा तिचा मुद्दा. हा मुद्दा आजच्या स्वयंसेवी समुदायांना तंतोतंत लागू पडतो. येथे पुढारीपण पैशाने मिळत नाही, पण वेळेने मिळते. आणि वेळ हेही भांडवलच आहे. ज्याच्या घरी वीज आहे, यंत्र आहे, पोटाची चिंता नाही, ज्याचा स्वयंपाक दुसरे कोणी करते, तो रात्र रात्र बसून हजारो दुरुस्त्या करू शकतो. वीटभट्टीवर दिवस घालवणारा किंवा घरचे सगळे आवरून उरलेल्या अर्ध्या तासात अभ्यास करणारी मुलगी तेवढे करू शकत नाही. उद्या 'तुम्ही किती काम केलेत?' असा हिशेब निघाला तर हे दोघे हरणारच. दोघे तेथे कमी दिसतात, कारण त्यांच्याजवळचा वेळ आधीच कोणीतरी घेतलेला असतो.

३

हा धाक किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण क्रोएशियन भाषेतील विकिपीडियाने दिले आहे. २०११ पासून २०२० पर्यंत हा प्रकल्प प्रचालकांच्या एका लहान गटाच्या ताब्यात होता. गट उग्र राष्ट्रवादी विचारांचा होता. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियात नाझींच्या आश्रयाने उस्ताशांची राजवट होती. यासेनोवात्स येथील त्यांच्या छावणीत सर्ब, ज्यू, रोमा आणि फॅसिझमविरोधी क्रोएशियन माणसे मारली गेली. या गटाच्या हाताखाली त्या गुन्ह्यांचे वर्णन सौम्य झाले, मारणाऱ्यांचा इतिहास उजळ होऊ लागला. ज्या सदस्यांनी आक्षेप घेतला त्यांना रोखण्यात आले. रोखणारे कोण? ज्यांच्यावर आक्षेप होता तेच. आरोपी, न्यायाधीश आणि शिक्षेची अंमलबजावणी करणारा शिपाई, तिन्ही एकच. शिवाय मतदानाच्या वेळी एकाच माणसाची अनेक खाती उभी राहत. आपल्याकडे याला बोगस मतदान म्हणतात.

हे झाकून राहिले नव्हते. २०१३ साली क्रोएशियातील वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिले. खुद्द तेथील शिक्षणमंत्री झेल्को योवानोविच यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की, हा ज्ञानकोश वापरू नका. तरीही गट हटायला आणखी सात वर्षे लागली. २०२० च्या अखेरीस त्यातील एका प्रमुख प्रचालकाला सर्वच भाषांच्या प्रकल्पांतून बाहेर काढण्यात आले. २०२१ साली फाउंडेशनने या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला.

ही सात वर्षे का लागली? बाहेरच्यांना भाषा येत नव्हती, हे एक कारण. स्थानिक समुदायाचे स्वातंत्र्य हे या चळवळीचे मूल्य आहे, त्यात वरून हात घालायचा नाही, हे दुसरे. सर्बियन, बोस्नियन, क्रोएशियन या परस्परांना समजणाऱ्या भाषांचे ज्ञानकोश वेगवेगळे असल्याने पाहणारे डोळे विभागले गेले होते, हे तिसरे. पण मला चौथे कारण महत्त्वाचे वाटते. प्रश्न विचारणारे एकेकटे होते. प्रत्येकजण एकटाच आला, एकटाच बाहेर काढला गेला. त्याच्यामागे नोंद होती, पण त्या नोंदीला दाद मागण्याची जागा नव्हती. म्हणजे केवळ नोंद असून भागत नाही. जिच्यापुढे नोंद ठेवायची ती सभा स्वतंत्र नसेल, तर नोंद म्हणजे अन्यायाची वही, एवढेच.

लहान भाषांच्या सर्व ज्ञानकोशांनी हे प्रकरण अभ्यासाला लावावे. मराठी ज्ञानकोशातही प्रचालक मोजकेच असतात, मतदानाला येणारे त्याहून मोजके. महाडचा सत्याग्रह किंवा नामांतराचा लढा उद्याचा विद्यार्थी कोणत्या शब्दांत वाचणार, हे ठरवण्याची किल्ली थोड्यांच्या हातात असते. ते थोडे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ते चांगले असतील. पण ते चांगले आहेत यावरच सगळा भार असेल, तर तो ज्ञानकोश त्यांच्या चांगुलपणाच्या मेहेरबानीवर चालला आहे. आणि मेहेरबानीवर जगणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पुरेसे भोगले आहे.

४

विश्वास माणसावर ठेवला की काय होते, याची आणखी दोन उदाहरणे पाहू.

इंग्रजी विकिपीडियावर 'एसजे' या टोपणनावाचा एक सदस्य होता. तो स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवीत असे आणि वादात त्या पदवीचा आधार घेई. समुदायाने त्याला एकामागून एक विश्वासाची पदे दिली. २००६ साली 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाने त्याचे प्राध्यापकपण खरे धरून छापले. २००७ साली उघड झाले की, तो चोवीस वर्षांचा तरुण आहे आणि त्याच्याजवळ तसली कोणतीही पदवी नाही. संस्थापक जिमी वेल्स यांनी आधी त्याची बाजू घेतली; समुदायात गदारोळ झाल्यावर काही दिवसांत त्याला पदे सोडायला सांगितले. येथे लक्षात घेण्याची गोष्ट खोटेपणाची नाही. खोटे बोलणारे सर्वत्र असतात. ज्या समुदायाने पदवीचा दरवाजा काढून टाकला होता, त्याच समुदायाने पदवीचे नाव ऐकताच मान खाली घातली. दरवाजा भिंतीतून निघाला होता, मनातून निघाला नव्हता. पांडित्याचा हा दरारा आपल्या ओळखीचा आहे.

दुसरे उदाहरण खुद्द संस्थापकाचे. मे २०१० मध्ये वेल्स यांनी विकिमीडियाच्या चित्रसंग्रहातून अश्लील वाटलेली अनेक चित्रे समुदायाशी चर्चा न करता काढून टाकली. त्यांत काही चित्रे कलेच्या इतिहासातील होती. स्वयंसेवकांनी विरोध केला. ज्याने हे घर उभे केले त्याला, 'घर तुमचे असेल, पण येथला नियम सर्वांचा आहे' असे सांगितले. परिणामी वेल्स यांनी संस्थापक म्हणून असलेले आपले बरेचसे विशेषाधिकार स्वतःहून सोडले. समुदाय फुटला नाही. संस्थापकाची अप्रतिष्ठाही झाली नाही. कृतज्ञता राहिली, धाक तेवढा गेला. हेच घडायला हवे असते.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही टीका एकांगी होईल. जून २०१९ मध्ये फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरील एका अनुभवी प्रचालकावर एक वर्षाची बंदी घातली. पुरावा गुप्त होता, अपिलाची सोय नव्हती. तक्रार करणाऱ्यांना पुढे त्रास होऊ नये म्हणून गुप्तता आवश्यक आहे, ही फाउंडेशनची बाजू. पुराव्याशिवाय शिक्षा आम्हाला मान्य नाही, ही स्वयंसेवकांची बाजू. वीसच्या आसपास प्रचालकांनी निषेध म्हणून पदे सोडली. शेवटी प्रकरण समुदायाने निवडलेल्या लवाद समितीकडे सोपवले गेले. सप्टेंबरमध्ये समितीने बंदी उठवली, पण त्या सदस्याला प्रचालकपद परत दिले नाही.

या प्रकरणात कोणती बाजू पूर्ण खरी, असे विचारणे चुकीचे आहे. बलदंड सदस्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या दुर्बळाला आडोसा लागतो. भर चावडीवर उभे राहून नाव घे, असे सांगणे म्हणजे तक्रार करू नकोस असे सांगणे. पण तोच आडोसा निर्णय देणाऱ्यानेही घेतला तर न्याय आणि मर्जी यांत फरक उरत नाही. पडदा तक्रारदारासाठी असावा, न्यायाधीशासाठी नसावा. आणि हेही खरे की, 'प्रश्न विचारण्याचा हक्क' या नावाखाली एखाद्याला रोज टोचून हैराण करता येते. प्रश्न आणि छळ यांतला फरक ओळखणारी रचना नसेल, तर प्रश्नाचे हत्यारही शेवटी बलवानाच्याच हाती जाते.

५

मग उपाय काय? विश्वास ठेवूच नये काय? विश्वासाशिवाय कोणतेही सामूहिक काम चालत नाही. मुद्दा विश्वास कशावर ठेवायचा, हा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न दोनदा स्पष्टपणे मांडला. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी थोर माणसाविषयीचा आदर आणि त्याच्यापुढे बुद्धी गहाण टाकणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला आणि ओकॉनेल या आयरिश देशभक्ताचा हवाला देऊन कृतज्ञतेलाही मर्यादा असते हे दाखवले. आयुष्यभर देशसेवा केलेल्यांविषयी कृतज्ञ असण्यात गैर नाही, पण त्या कृतज्ञतेची किंमत स्वातंत्र्याने चुकवायची नाही, असा त्यांचा आशय होता. आपण हे भाषण पाठ म्हणतो आणि ज्याने ते केले त्याच्याच तसबिरीला हार घालून मोकळे होतो. त्यातली सूचना आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीला लागू करीत नाही.

ती लागू न केल्याने काय होते? प्रश्न विचारण्याची मधली वाट नसली की दोनच वाटा उरतात: गप्प बसणे किंवा फुटणे. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची शकले झाली. १९७२ साली जन्मलेली दलित पँथर १९७४ सालीच फुटली. या फुटींना वैचारिक कारणे होती, सत्तेने लावलेली आमिषेही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मतभेद झाला तर तो कोठे मांडायचा, कोणी ऐकायचा, किती दिवसांत निकाल द्यायचा, हे लिहून ठेवलेले असते, तर प्रत्येक मतभेदाला गटाचा झेंडा घ्यावा लागला नसता.

फूट नेहमीच निष्फळ असते असेही नाही. २००२ साली स्पॅनिश विकिपीडियाचे अनेक स्वयंसेवक जाहिराती येतील या शंकेने बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा ज्ञानकोश काढला. आजही विकिपीडियावर जाहिराती नाहीत. निघून गेलेल्यांच्या प्रश्नाचा लाभ राहिलेल्यांना झाला. पण ते बाहेर पडू शकले, कारण तेथील मजकूर कोणाच्या मालकीचा नव्हता. तो सोबत नेता येत होता. आपल्या संघटनांत बाहेर पडणाऱ्याला कचेरी, निधी, नाव, सगळे मागे ठेवून रिकाम्या हातांनी जावे लागते. म्हणून प्रश्न विचारण्याआधी तो दहादा विचार करतो.

मधली वाट कशी बांधता येते, याचा एक नमुना सांगतो. पायथन ही संगणकाची भाषा आहे. तिच्या निर्मितीत जगभरचे स्वयंसेवक काम करतात. तिचा जनक खीदो व्हान रॉसम हा सुमारे तीन दशके अंतिम शब्दाचा धनी होता. 'परोपकारी हुकूमशहा' असे बिरुदच त्याला होते. एका कडवट वादानंतर जुलै २०१८ मध्ये त्याने ते स्थान सोडले आणि वारस नेमला नाही. तुम्हीच ठरवा, म्हणाला. स्वयंसेवकांनी वेगवेगळ्या योजना लिहून मतास टाकल्या आणि पाच जणांचे निवडून आलेले मंडळ स्वीकारले. एकाच कंपनीच्या नोकरीतले दोघांहून अधिक जण त्यात बसू शकत नाहीत. दोन तृतीयांश मतांनी अविश्वास ठराव मंजूर होऊ शकतो. पहिल्या मंडळात खुद्द खीदोही निवडून आला, पण पाचांपैकी एक म्हणून. ही माणसे आपल्यापेक्षा सद्गुणी आहेत असे नाही. त्यांनी वारस शोधण्याऐवजी नियम शोधला, एवढेच. आपण मात्र एक साहेब गेला की दुसरा साहेब शोधतो.

मराठी विकिपीडियाने आपल्या सामुदायिक चर्चेच्या पानाला 'चावडी' हे नाव दिले आहे. ज्याने ते दिले त्याच्या मनात गावचे खेळीमेळीचे बोलणे असेल. पण चावडी सर्वांची नव्हती. आपली माणसे तिच्या पायरीखाली, हात जोडून उभी असत. त्यांच्याविषयीचा निर्णय वर होई, त्यांना तो खाली ऐकू येई. नाव बदला, असे माझे म्हणणे नाही. या नव्या चावडीवर पायरी राहिली आहे की गेली, हे तपासा, असे म्हणणे आहे. ही तपासणी ज्ञानकोशाला लागू आहे, तशी ती आपल्या वाचनालयाला, वसतिगृहाच्या समितीला, जयंती मंडळालाही लागू आहे.

तपासणीचे प्रश्न सोपे आहेत. निर्णय लिहिला जातो का? पदाला मुदत आहे का? ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच निकाल देतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे: मागच्या वर्षी ज्याने नेत्याला जाहीर प्रश्न विचारला, तो यावर्षी बैठकीत बसलेला आहे का? तो बसलेला असेल, तर त्या समुदायात विश्वास आहे असे समजावे. तो नसेल, तर तो कोठे गेला हे विचारायला कोणीतरी उठले पाहिजे.